तनुजाची जागा

"पुन्हा ओलं लागून राह्यलं," रंगूबाई म्हणाली आणि तिनं आपला तळवा चंपतसमोर धरला.

चंपतने वाकून सतरंजीला हात लावला. बायकांच्या ओळीतली, भिंतीजवळची शेवटची जागा. एक माणूस मांडी घालून बसेल एवढा गोल, ओला आणि गार. मे महिना होता. रिठदच्या शिवारात हात जाईल अशा भेगा पडल्या होत्या आणि प्रार्थनेच्या शेडचे पत्रे सकाळी नऊलाच तडतडत होते.

"घागर कलंडली असंल."

"घागर बाहीर हाये. अन् चार रैवार झाले, भाऊ. तिले काढल्यापासून."

तिचं नाव रंगूबाईने घेतलं नाही. आता कुणीच घेत नसे.

चंपत मेथी-वांगी पिकवून रिसोडच्या बाजारात विकणारा माणूस. सतरा वर्षांपूर्वी ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊ लागला आणि त्याची दारू सुटली. मग मळ्याच्या कडेला त्यानेच ही शेड उभारली. पाळक वाशीमहून महिन्यातून एकदा येत. बाकीचे रविवार चंपत वचन वाचायचा, आणि पंधरा घरांची मंडळी त्याचा शब्द मानायची.

तनुजा त्याच्याच मळ्यात तण निंदायला यायची. तिशीतली, नवऱ्याने टाकलेली. रविवारी न्हाऊन, ओल्या केसांनीच त्या शेवटच्या जागेवर बसायची. तिच्या खोलीतून पहाटे एक पुरुष बाहेर पडताना कुणीतरी पाहिला आणि गावभर बोभाटा झाला. तो कोण, हे तिनं सांगितलं नाही. त्या रविवारी चंपतने व्यभिचाराबद्दलचं वचन वाचलं. शरीर हे देवाचं मंदिर आहे, अशुद्धपणापासून दूर राहा, असं वागणाऱ्याला मंडळीत ठेवू नका. वाचून झाल्यावर त्यानं दाराकडे बोट केलं. तनुजा उठली, पदर सावरला आणि गेली.

तेव्हा चंपतचा मुलगा धीरज पहिल्या ओळीत ढोलकी घेऊन बसला होता. त्याची बायको वैजयंती पोटुशी होती. आणि मेथीला पाणी द्यायला पहाटे निघालेल्या चंपतने तनुजाच्या दारातून धीरजलाच बाहेर पडताना पाहिलं होतं.

आज वैजयंतीला यायला उशीर झाला. जागा नव्हती म्हणून ती त्या ओल्या गोलाशेजारी टेकली. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला तिनं एकदम अंग चोरलं.

"मामाजी," ती हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "इथं कोनी बसलं हाये का? मांडीले मांडी लागून राह्यली माह्या."

धीरजचा हात ढोलकीवरच थांबला. पुढचं कडवं कुणी म्हटलं नाही.

तनुजा विहिरीत तर गेली नसेल? चंपतला दोन दिवस जेवण गेलं नाही. बुधवारी त्यानं तिच्या मावशीकडून पत्ता काढला आणि शिरपूरची एसटी धरली. यात्रेकरूंच्या एका लॉजमागे दोरीवर पांढऱ्या चादरी वाळत होत्या. चादरींखाली आधी त्याला ओली पावलं दिसली. तो जागीच थांबला. मग चादर बाजूला सारून तनुजा समोर आली.

"जिती हायेस," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"काहून? मराले पाह्यजे होतं?"

त्यानं सतरंजीचं सांगितलं. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही.

"रैवारी धा वाजता मी काम थांबवतो," ती म्हणाली. "आंग धुतो अन् डोये लावून बसतो. मनातल्या मनात गानं म्हनतो. तुमच्या शेडातच असतो मी, भाऊ." मग तिनं आपल्या मांडीकडे पाहिलं. "या रैवारी बाजूले कोनी येऊन बसली होती. पोटुशी होती ते."

त्यानं हात जोडले.

"माफ कर, पोरी. तो धीरज होता, हे मले माहीत होतं."

"कवापासून?"

"वचन वाचाच्या आंधीपासून."

तनुजाने दोरीवरची चादर सरळ केली. "मले वाटे, भाऊले ठाऊक नाई. म्हनून म्या तुमाले कधी वाईट नाई म्हटलं," ती म्हणाली. "त्या वचनात निस्त्या बाईचंच नाव हाये का, भाऊ?"

उत्तराची वाट न पाहता तिनं बादली उचलली आणि ती चादरींच्या पलीकडे निघून गेली.

पुढच्या रविवारी चंपतने तेच वचन काढलं. अर्ध्यात थांबला.

"तनुजासंगं माहा पोरगा होता. मले माहीत होतं. म्या तिले एकटीले काढलं." त्यानं धीरजकडे पाहिलं. "तुले काढतो, अन् मलेबी. या मंडळीत वाचाचा हक माहा नाई राह्यला."

"बाबा!" धीरज ओरडला. मग वैजयंतीकडे न बघताच तो उठला आणि बांधावरून तरातरा निघून गेला.

चंपतने पुस्तक रंगूबाईच्या हातात दिलं. तिला अक्षरओळख नव्हती. तिनं ते वैजयंतीपुढे धरलं. वैजयंतीने डोळे पुसले नाहीत. पान सापडायला तिला वेळ लागला.

चंपत बाहेर निंबाच्या बुडाशी येऊन बसला. आतून सुनेचा आवाज येत होता, शाळेतल्या पोरीसारखा अडखळत, एकेक शब्द सुटा करून. थोड्या वेळाने त्याची बायको अंजना बाहेर आली. पोरगा गेला त्या बांधाकडे बघत बराच वेळ उभी राहिली. मग परत फिरली आणि त्याच्यापासून दोन हात अंतर ठेवून, त्याच मातीत खाली बसली.