पुतळा-सुट्टी

"पुतळा!" मी ओरडले.

भिंगरी एका पायात बूट घालून दाराकडे सुसाट निघाली होती, ती तशीच एका पायावर थांबली. गोटूने पाण्याची बाटली तोंडाला लावलेली होती. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरायला लागलं, तरी पठ्ठ्या हलला नाही. मी सावकाश दुसरा बूट शोधला, भिंगरीच्या अधांतरी पायात चढवला, नाडीला दोन गाठी मारल्या, गोटूची बाटली सरळ केली, दोघांच्या डोक्यावर टोप्या ठेवल्या आणि म्हणाले, "सुट्टी!"

मग जो धिंगाणा झाला तो विचारू नका.

हा आमचा खेळ. पुतळा म्हटलं की असाल तिथे, असाल तसे थांबायचं. सुट्टी म्हणेपर्यंत पापणीशिवाय काही हलवायचं नाही. अख्खा हिवाळा चार भिंतींच्या आत मी तो दोघांकडून घोटून घेतला होता. जेवताना, आंघोळीच्या वेळी, एकदा तर ऐन मारामारीत, गोटूचे केस भिंगरीच्या मुठीत असताना. नियम मलाही लागू. त्यांनी पुतळा म्हटलं की मीही जागच्या जागी. हातात गरम दुधाचं पातेलं असेल तरच माफ.

दारात ताई उभ्या होत्या. ताई म्हणजे मुलांची आई. वयाने माझ्या लेकीएवढ्या, पण पगार त्या देतात, म्हणून मी त्यांना ताई म्हणते आणि त्या मला मावशी. विमा कंपनीत त्या अपघातांचे दावे तपासतात. दिवसभर मोडलेल्या हातांबद्दल आणि फुटलेल्या डोक्यांबद्दल वाचणाऱ्या बाईला झोपाळ्यात झोपाळा दिसत नाही, चार टाके दिसतात. त्यामुळे थंडी सरून आठवडा झाला, रस्त्यावरची झाडं पोपटी झाली, तरी आमची वरात आपली खिडकीपर्यंतच. मी रोज टुमणं लावलं होतं. सहा वर्षांची पोर आणि साडेतीन वर्षांचा पोरगा, त्यांना कोवळं ऊन नको? शेवटी आज परवानगी मिळाली.

"आजचा एक दिवस, मावशी," ताई म्हणाल्या. "काही झालं ना, नुसतं खरचटलं जरी, तर एक तारखेपासून दोघं पाळणाघरात. तिथं सगळं आतच असतं. मी बोलून ठेवलंय."

"नुसतं खरचटलं जरी?"

"म्हणजे... जास्त खरचटलं तर."

मुलं पाळणाघरात गेल्यावर माझं काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघींनाही कळत होतं.

बाहेर पडलो आणि काय सांगू! हवेला कसला तरी गोड वास होता. गोटू प्रत्येक झाडाला "नवीन पानं आली?" असं विचारत चालला होता. भिंगरी माझ्या उजव्या हाताला लटकून चालण्याऐवजी उडतच होती. रस्ता ओलांडताना आम्ही तिघं हात घट्ट धरून डावीकडे, उजवीकडे आणि भिंगरीच्या आग्रहास्तव वर आकाशातही पाहिलं. छप्पन्न वर्षांची मी, पण त्या सकाळी माझेही पाय जमिनीवर ठरत नव्हते.

बागेत पोचल्यावर आधी माझं काम. घसरगुंडीला हाताची मागची बाजू लावून पाहिली, तापली नव्हती. झोपाळ्याच्या साखळ्यांना लटकून पाहिलं. वाळूत बोटं घालून काचा शोधल्या. फाटकाची कडी लावली. मग असा बाक निवडला की फाटक, घसरगुंडी आणि वाळू एका नजरेत यावं. माळीबुवा हसले.

"बाई, तुम्ही बागेत आलात की झडती घ्यायला?"

"मुलं तुमची असती तर कळलं असतं."

"माझी पाच आहेत. आता कुणी मोजतसुद्धा नाही." मग ते मान वर करून म्हणाले, "तेवढं त्या मोठ्या झाडाकडे लक्ष ठेवा. तिथल्या मधमाश्या घर बदलायच्या बेतात आहेत. पोट भरून निघतात, उगाच कुणाच्या वाटेला जात नाहीत. पण हातवारे केले, धावाधाव केली, तर मात्र खैर नाही."

मी ते कानात नीट ठेवून दिलं.

सत्तावीस वर्षं मी मुलं सांभाळते. ही दोघं धरून अकरा झाली. त्यातल्या चौथ्याचा हात मोडला होता. चेंडू रस्त्यावर गेला, चेंडूमागे तो, मी "थांब, थांब" करत त्याच्यामागे, आणि समोरून सायकल. थांब हा शब्द मुलं दिवसातून शंभरदा ऐकतात, त्याला कोण थांबतं? त्या घरच्या बाई चिडल्यासुद्धा नाहीत. "मावशी, तुम्ही थोडे दिवस सुट्टी घ्या," एवढंच म्हणाल्या. ते थोडे दिवस अजून संपायचे आहेत. तेव्हापासून मी हा खेळ काढला, आणि सोडवायचा शब्द मुद्दाम तोच ठेवला. मुलांच्या तोंडी तरी तो गोड राहू दे.

दुपार होत आली होती. भिंगरी घसरगुंडीवरून अकराव्यांदा उतरून पुन्हा शिडीकडे पळत होती. गोटू वाळूत उकिडवा बसून माझ्यासाठी राजवाडा बांधत होता. मी त्याला पाणी द्यायला वाकले, तेवढ्यात मोठ्या झाडातून गुणगुण ऐकू आली. बघता बघता तिचा घोंघाट झाला. वर पाहिलं तर फांदीपासून एक काळसर ढग सुटला होता आणि खाली खाली येत थेट आमच्याच दिशेने सरकत होता.

"पुतळा!"

भिंगरी शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय टाकून थांबली. गोटू मुठीत वाळू धरून थांबला. मी वाकलेली, हात पुढे, बाटली हातात. मधमाश्या आमच्यात आल्या. आवाज असा की दातांत जाणवावा. गोटूच्या टोपीवर चार बसल्या. भिंगरीच्या गालावर एक चालत होती, डोळ्याच्या दिशेने. माझ्या काळजाचं पाणी झालं, पण बाटलीतलं पाणी हललं नाही.

आणि नेमक्या तेव्हा फाटकाची कडी वाजली. जेवणाच्या सुट्टीत ताई आल्या होत्या, आम्हाला न सांगता.

"पळा!" त्या किंचाळल्या. "पिलांनो, पळा! इकडे या! माझ्याकडे या!"

भिंगरीचे डोळे आईकडे वळले. डोळ्यांत पाणी तरारलं. आई हाका मारतेय आणि पोर जागची हलत नाही, हे दृश्य मी जन्मात विसरणार नाही. ताई पर्स गरगर फिरवत धावत सुटल्या, थेट माश्यांच्या दिशेने.

"ताई," मी ओठ जेमतेम हलवून म्हणाले, "पुतळा."

पगार देणाऱ्या बाईला असं कधी सांगितलं नव्हतं. पण त्या थांबल्या. एक पाय पुढे, पर्स डोक्यावर, तोंड उघडं. आम्ही चौघं तशीच उभी राहिलो. किती वेळ ते देव जाणे. मग माश्या कुणाचा तरी हुकूम आल्यासारख्या एकदम वर उठल्या, कुंपणावरून पलीकडे गेल्या, आणि बागेत नुसती चिमण्यांची चिवचिव राहिली.

मी वीस आकडे मोजले. "सुट्टी!"

"पुन्हा! पुन्हा!" गोटू नाचायला लागला. "मावशी, त्या माझ्या डोक्यावर बसल्या होत्या!"

"माझ्या गालावर होती! आई, तू पाहिलंस? मी जिंकले!"

ताईंनी दोघांना कवटाळलं, पुढून मागून तपासलं. एक ओरखडा नव्हता. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलतील. त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा पांढरा पडला होता.

"मी हाक मारली," त्या म्हणाल्या, "आणि माझी मुलं हलली नाहीत."

"ताई, माश्या अंगावर धावून आल्या असत्या, तर मीच दोघांना काखेत मारून पळाले असते. पण त्या..."

"संध्याकाळी बोलू."

संध्याकाळ झाली, बोलणं काही झालं नाही. ताई आल्या त्या आतल्या खोलीत जाऊन फोनवर. दार बंद. मुलांनी एकमेकांना मधमाश्यांची गोष्ट सातव्यांदा सांगितली आणि दर वेळी ढग मोठा होत गेला. मी टोप्या झटकल्या, बुटांतली वाळू काढली, बूट उगाच दोनदा पुसले. सुट्टी हा शब्द त्या दारामागून केव्हा बाहेर येतो, याकडे माझे कान लागले होते. सहा वाजले.

"येते, ताई."

आत फोन चालूच होता.

मी जिना उतरले, रस्त्याला लागले. वीस पावलं गेले असेन, तर वरून आवाज आला, "पुतळा!"

दोघं गॅलरीच्या गजांना नाकं लावून उभी होती. नियम म्हणजे नियम. माझा एक पाय उचललेला होता तो तसाच राहिला, पिशवी कोपराशी अडकलेली, मान वर. एक गृहस्थ मला वळसा घालून गेले. एका कुत्र्याने माझ्या चपलेचा वास घेतला. गोटू खुदखुदत होता. आणि मग त्यांच्या मागे, हातात फोन घेऊन, ताई येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी खाली पाहिलं. रस्त्याच्या कडेला एका पायावर उभी असलेली म्हातारी व्हायला आलेली बाई. त्यांचे ओठ हलले. मला वाटलं, झालं, आता म्हणणार.

"मावशी!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या घरातलं कुणी तरी खिडकीत आलं. "पाळणाघराला नाही म्हणून कळवलंय! तुम्हाला सुट्टी-बिट्टी काही नाही! उद्या नऊला या! आणि मलाही तो खेळ नीट शिकवा!"

 मग भिंगरीने कपाळावर हात मारून घेतला.

"आई! तू सुट्टी नाही म्हणालीस! आता ती हलणार कशी?"

वर तिघांची हसून हसून पुरेवाट झाली, आणि त्या हसण्यात तो शब्द म्हणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मी उभी होते. डोळ्यांतलं पाणी गालावरून हनुवटीवर आणि हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं. पुसायला हात हलवावा लागला असता, म्हणून पुसलं नाही.