अंगठ्याचा चिखल

"हे तिकीट सरकारचं न्हाईच," छगन पोस्टमन पाकीट उन्हात धरून म्हणाला. "कुनीतरी हातानं चितारलंय. जहाज बगा, परातीवानी हाय."

एकाहत्तरचा उन्हाळा. बेलापुरात अख्तरीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. फक्त तिचा भाऊ फक्रुद्दीन उभा. सकाळच्या एस.टी.ने मिरजगावहून आला होता, अजून पायातल्या वहाणा काढल्या नव्हत्या.

"मला ठावंच हुतं," तो म्हणाला. "हिच्या नवऱ्यानं, कादरनं, मुंबईत दुसरं घर केलंय. आन् हितं सांगतो, जहाज कालव्यात अडकलंय! चार सालं! अडकायला ती काय बैलगाडी हाय?"

संध्याकाळच्या गाडीने तो बहिणीला नेणार होता. काझीकडून सोडवणूक करून घ्यायची, पुढचं स्थळही त्याने बघून ठेवलेलं. अख्तरी बांगड्यांच्या पाटीवरचा कपडा नीट करत होती. नीटच होता तो.

"आण्णा," ती मला म्हणाली, "तुमी जलमभर पाटावर हुता. कालव्याला असं कुलूप लागतं का?"

छगन खुदकन हसला. हसणारच. पाटाच्या गेटात सापडलेल्या माशाच्या खवल्यावर मी दोन वर्षं भाकरी थापल्याचं गावाला मीच सांगितलेलं. मी म्हणालो सकाळ झाली, तर लोक आधी बाहेर डोकावून बघतात.

तरी सांगितलं. आमच्या पाटाच्या साहेबांकडून आणि कादरच्या आधीच्या पत्रांतून गोळा झालेलं, जसंच्या तसं.

"सुएझचा कालवा. शंभर वर्सामागं एका फ्रेंच साहेबानं खनायला घेतला. धा वर्सं लागली. गावोगावची मानसं धरून आनली, फावडी-टोपल्या दिल्या. किती मेली, कुनी मोजली न्हाईत. पाट त्यांच्या जमिनीत, पर चावी कंपनीपाशी. मग इंग्रजानं हिस्सा घेतला आन् चावीवर हात ठिवला. छप्पन साली तितल्या लोकांनी चावी हिसकून घेतली. सदुसष्टात लढाई झाली. ह्या काठाला एक फौज, त्या काठाला दुसरी. दोनी तोंडं बंद, आन् मधल्या खाऱ्या तळ्यात चवदा जहाजं अडकली. खलाशी बसल्या बसल्या तिकिटंबी हातानंच चितारत्यात."

"चवदाच का?" फक्रुद्दीन म्हणाला. "चाळीस सांगायची हुती. आन् हे तिकीट म्हातारबानंच चितारलं नसंल कशावरनं?"

छगन माझ्या बोटांकडे बघू लागला. रंग शोधत असावा.

"पाकीट हिकडं आन," मी म्हणालो.

फोडलेल्या पाकिटाची घडी उलटी केली. आत, डिंकाच्या शेजारी, मातीचा एक सुकलेला ठिपका होता, त्यात अंगठा उठलेला.

हे छगनला कळणार नव्हतं. आम्ही पाटकरी गेट बंद केलं की चाकाच्या आसाला चिखलाची गोळी लावायचो आणि तीत अंगठा दाबायचो. कुणी चोरून चाक फिरवलं, की गोळी फुटायची. कादर मुंबईला जाऊन खलाशी होण्याआधी दोन वर्षं माझ्या हाताखाली होता. त्याच चाकाने त्याचा अंगठा कापला, आडवा. ठिपक्यात ती चीर होती.

"ही माती बग," मी म्हणालो. "पिवळी. आपली काळी."

"पिवळी माती काय जगात कुटं घावत न्हाई?" फक्रुद्दीन म्हणाला. "ऊठ अख्तरी. ह्या म्हाताऱ्याचं ऐकून बसलीस तर केस पांढरं व्हतील."

खोटं सांगताना कधी मला शब्द कमी पडले नाहीत. त्या दिवशी खरं सांगत होतो, आणि पाकीट नुसतं अख्तरीपुढे धरलं.

अख्तरी उठली नाही.

"भाईजान, आण्णा लबाड हायेत," ती म्हणाली. "गावाला ठावं हाय, मलाबी ठावं हाय. पर गप्पा हानताना त्यांचा उजवा हात चाक फिरवल्यावानी फिरतो. मासा सांगितला तवाबी फिरला. आज कालव्याचं सांगताना हात मांडीवरच हुता."

मी हाताकडे पाहिलं. साठ वर्षं माझाच हात, आणि मला पत्ता नव्हता.

फक्रुद्दीननेही पाहिलं. मग म्हणाला, "बकरी ईदपत्तूर थांबीन. पुडं न्हाई," आणि स्टँडकडे चालू लागला. छगनही सायकल घेऊन गेला. तिकिटावर एक शेवटची नजर टाकून.

अख्तरीने चहा टाकला. पाकिटातला ठिपका नखाने न खरवडता सबंध कापून काढला आणि सुरमेदाणीत ठेवला. पाठमोरीच म्हणाली,

"आण्णा, ते तोंड कदी उघडंल?"

तीस वर्षं प्रवरेच्या पाटाचं प्रत्येक दार कधी उघडणार, हे मी लोकांना तारखेवार सांगितलं होतं.

"आता काय, ईदीच्या आतच," मी म्हणालो.

ती कप घेऊन वळली. माझा उजवा हात हवेत होता, अर्धा फिरलेला.

तिने तो पाहिला. मग त्याच हातात कप दिला आणि म्हणाली, "गरम हाय, सांभाळून."