कडक टोकाचा बाण

चोल्पोनच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि त्यांच्या लाडक्या सरदारकथेचा नववा भाग, दोन्ही एकाच आठवड्यात उगवले. डॉक्टरांनी तंबी दिली, महिनाभर पुस्तकाला हात लावायचा नाही. इकडे आठव्या भागाच्या अखेरीस ओर्विन सरदार एकटाच शत्रूच्या तटाखाली उभा होता, आणि त्याला तसाच ताटकळत ठेवून लेखक कित्येक वर्षं कुठे गडप झाला होता देव जाणे. सासूबाईंनी, म्हणजे बुरुल अपांनी, त्या ओर्विनच्या काळजीने जेवढे उसासे टाकले, तेवढे पोटच्या मुलासाठीही टाकले नसतील.

"अजून महिनाभर उभा ठेवू त्याला?" त्या सुनेला म्हणाल्या. "तू वाच. मी ऐकते."

चोल्पोनला आनंदच झाला. आधीचे आठही भाग तिने याच घरात, सासूबाईंच्या पाठोपाठ वाचले होते. दोघींचं गूळपीठ जमलं ते त्या पुस्तकांमुळेच. पण मनात वाचणं वेगळं आणि मोठ्याने वाचणं वेगळं, हे तिला पहिल्याच पानावर कळून चुकलं.

सासऱ्यांचं नाव तेमिर. त्यांच्या भाषेत तेमिर म्हणजे लोखंड. सुनेने सासऱ्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि तो शब्द एरवीही तोंडातून काढायचा नाही, हे सासूबाईंनीच तिला नवी नवरी असताना बजावलं होतं. तेव्हापासून तिच्या तोंडी घरातली लोखंडी शेगडी 'कडक शेगडी' झाली आणि लोखंडी खाट 'कडक खाट'. घरात तेवढ्यावर भागायचं. पण किल्ल्यांनी आणि लढायांनी भरलेल्या पुस्तकात लोखंड नाही असं पान कुठून आणायचं? कडक तलवारी, कडक शिरस्त्राणं, कडक दरवाजे. एका सरदाराने कडक हातमोजा काढून कडक साखळी उचलली, तेव्हा सासूबाई डोळ्यावरची पट्टी सांभाळत हसून हसून आडव्या झाल्या.

घोळ असा की पुस्तकाचीही स्वतःची कडक हाडं आणि कडक शिंगं होतीच. मग सासूबाई दर दोन पानांनी हटकायच्या, "हे तुझं कडक की पुस्तकातलं?"

तो प्रश्न साधा नव्हता. दुसऱ्या भागात डोंगरातल्या एका म्हातारीने ओर्विनला वर दिला होता, की लोखंडाने तुला मरण नाही. बाकी कशानेही आहे. शत्रूला याचा सुगावा लागल्यापासून ते हाडांच्या नि गारगोटीच्या टोकांचे बाण घेऊन त्याच्या मागावर होते.

बाहेर सासरे गोठ्याच्या छपरावरचं बर्फ फावड्याने ओढत होते. आत चोल्पोन वाचत होती, "ओर्विनने ढाल खाली ठेवली. तटावरून कडक टोकाचा बाण सुटला आणि थेट त्याच्या छातीत रुतला."

सासूबाईंच्या हातातला चहा तसाच राहिला. मग अगदी बारीक आवाजात त्यांनी विचारलं, "तुझं की पुस्तकातलं?"

आपण काय वाचलं आणि काय बदललं हेच चोल्पोनला आठवेना. तिने ओळीवर बोट ठेवून एकेक अक्षर पुन्हा पाहिलं. सासऱ्यांचं नाव, ठसठशीत छापलेलं.

"माझं, अपा. माझं कडक."

"नक्की? सवयीने म्हणत नाहीस ना?"

"नाही हो. इथे छापलंय."

सासूबाईंनी गुडघ्यावर थाप मारली आणि आनंदाने अंगणापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "तेमिर! अगं, तेमिर!"

बाहेर फावडं पडल्याचा आवाज झाला. चोल्पोनने जीभ चावली. सासूबाईंनीही उभ्या संसारात नवऱ्याला नावाने हाक मारली नव्हती. 'अहो मुलांचे बाबा' यापलीकडे गाडी गेली नव्हती. सासरे बर्फाच्या बुटांसकट धापा टाकत आत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं? डोळा गेला?"

"डोळ्याला काय धाड भरलीय?" सासूबाई म्हणाल्या, पण मान खाली घालून.

"मग मला हाक का मारलीस?"

हाक नव्हतीच ती, एवढं सांगितलं असतं तरी विषय संपला असता. चोल्पोन पुस्तकात डोकं खुपसून वाट बघत राहिली. सासूबाईंचे कान लाल झाले होते.

"मारली. मारू नये का? ओर्विन वाचलाय."

ओर्विन कोण हे सासऱ्यांना कधीच धड ठाऊक नव्हतं. ते बूट न काढता गालिच्यावर टेकले, आणि त्यांना कोणी रागावलं नाही. जरा वेळाने त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"परत मार," ते म्हणाले.

"काय?"

"हाक."

सासूबाई सुनेकडे वळून म्हणाल्या, "पोरी, ताजा चहा टाक बघू. पुस्तक ने हवं तर."

चोल्पोनने पुस्तक काखेत मारलं आणि स्वयंपाकघरात जाऊन शेगडीवर किटली ठेवली. ओर्विनचं पुढे काय झालं ते पान उघडावं म्हणून ती उभी राहिली, पण तिचं लक्ष आतच होतं. थोड्या वेळाने ते नाव ऐकू आलं, हळू आणि अडखळत. मग पुन्हा एकदा. पाणी उकळून आटत आलं, तरी ती चहा घेऊन आत गेली नाही.