दारातली तपासणी

“आई, दूध करपलंय!” मुलगा दारातूनच ओरडला.

इस्त्रीवाली गॅसपाशीच उभी होती. तिने घाईघाईने पातेलं उतरवलं, पण वास काही आला नाही. मध्यंतरीच्या तापापासून तिचं नाक गेलं होतं, आणि हे तिने कुणाला म्हणजे कुणाला कळू दिलं नव्हतं.

कारण त्या नाकाच्या भरवशावर तर ती निर्धास्त होती. नवरा दारूपायी गेला. मुलाची चाल बापाची, हसणं बापाचं, शिंकणंसुद्धा बापाचं. मग तेवढं एकच कसं सुटेल, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. म्हणून तो लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आला, की ही डबा घ्यायच्या निमित्ताने अगदी जवळ जायची. पोरगा काही दूधखुळा नव्हता. तो आपणहून वाकायचा आणि तिच्या तोंडावर “हाऽऽ” करायचा. “झाली तपासणी? येऊ आत, साहेब?”

आज मात्र तो करपलेल्या पातेल्याकडे बघत राहिला. “तुला वास येत नाही?”

“सर्दी झालीय.”

“कधीपासून?”

तिने पातेलं घासायला घेतलं. पहारेकरी आंधळा झालाय, हे आता उघड झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच्या दोस्ताच्या बढतीची पार्टी होती. दिवसभर तिचं कामात लक्ष लागेना. एका शर्टाची कॉलर जाळून मालकाच्या शिव्या खाल्ल्या. रात्री तो कामावरून तसाच पार्टीला जाऊन घरी आला. हत्यारांची पिशवी खाली ठेवून नेहमीसारखा वाकला. “हाऽऽ!”

तिला काहीच कळेना. डोळे भरून आले. “अरे, मला कुठे वास येतोय आता? कशाला वाकतोस?”

तो तसाच उंबऱ्यावर बसला. “आई, मागे एकदा मी घोटभर घेतली होती. तुला बोललो नाही. फार आवडली गं. इतकी आवडली, की घाबरून ग्लास ठेवला आणि पळालो.” त्याने पायातले बूट काढले. “आजही सगळे मागे लागले, एकाने काय होतंय म्हणून. म्हटलं, दारात आई उभी असते.”

“हसले असतील मेले.”

“पोट धरून हसले. मग दोस्तानेच माझ्यासाठी सोडा मागवला.”

तिचा जीव भांड्यात पडला. डबा घेऊन ती म्हणाली, “जा, हातपाय धू.”

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याची पावलं वाजली. इस्त्रीवालीने आधी गॅस बंद केला, आणि हात पुसत दारात जाऊन उभी राहिली.