सांगाड्याचे चार पाय

शहाबानो पाना घेऊन वाकली, तर पाना लावायला बोल्टच नव्हता. लोखंडी सांगाड्याच्या पायाशी गुरुवारपर्यंत बोल्टांची डोकी वर दिसत होती. तिथे आता सिमेंटचा जाड थर चढला होता आणि त्यावर ओलं गोणपाट गुंडाळलेलं होतं. तिने दुसऱ्या पायाकडे पाहिलं. तिथेही तेच. चारही पाय कुणीतरी निगुतीने, थापीने कडा मारून, पक्के बांधून टाकले होते.

मागे एक्साइजचे सुपरिंटेंडंट केळसकर वही उघडून उभे होते.

"हाच ना तो? खोलून दाखवणार होतात तो?"

"हाच," शहाबानो म्हणाली आणि सरळ उभी राहिली. गुडघ्यातून कळ आली, पण चेहऱ्यावर तिने काही उमटू दिलं नाही.

केळसकरांनी गोणपाट बुटाच्या टोकाने बाजूला सारलं, सिमेंटवर बोट दाबून पाहिलं आणि वहीत लिहायला घेतलं. सावकाश लिहिणारा माणूस होता. असे लोक खोडत नाहीत, हे शहाबानोला अनुभवाने माहीत होतं.

कारखाना पनवेलजवळच्या औद्योगिक वसाहतीत होता. बर्फाच्या कारखान्यांत ज्यात पाणी भरून लादी गोठवतात ते पत्र्याचे उंच डबे इथे बनत आणि उरणपासून श्रीवर्धनपर्यंत जात. डबा तयार झाला की या सांगाड्याला टांगलेल्या चेनपुलीने तो उचलायचा आणि वितळलेल्या जस्तात बुचकळून काढायचा. सांगाड्याचं लोखंड कळंबोलीच्या बाजारातून आणलेलं. त्या लोखंडावरचं एक्साइज, म्हणजे उत्पादन शुल्क, खरेदीतच भरलं गेलं होतं, म्हणून शहाबानोने ते डब्यांवरच्या एक्साइजमधून वजा करून घेतलं. याला क्रेडिट म्हणतात. खात्याचं म्हणणं, सांगाडा जमिनीला जखडलेला आहे, म्हणजे तो यंत्राचा भाग नव्हे, बांधकाम आहे, आणि बांधकामाला क्रेडिट नाही. घेतलेलं सगळं व्याजासकट परत करा आणि वर तेवढाच दंड भरा.

शहाबानो सुनावणीला गेली तेव्हा वकिलाला बोलूच दिलं नाही तिने. "साहेब, तो बोल्टांवर उभा आहे," ती म्हणाली. "माणूस पाठवा. त्याच्यासमोर खोलून, हलवून, परत उभा करून दाखवते." बाईचा आवाजच असा होता की समोरच्याला तारीख देण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

ती तारीख आजची होती. नोव्हेंबरातला शनिवार.

निकाल विरुद्ध गेला तर काय, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, पण स्वतःशी पक्कं ठरवलं होतं. दंड भरून हा कारखाना चालण्यासारखा नव्हता. तिचा नवरा अमजद कुवेतहून जे पैसे घेऊन परतला त्या पैशांचा हा कारखाना. तो वारल्यावर पुरुषमाणूस नाही म्हणून कच्चा माल उधार न देणाऱ्यांना तिने वर्षभरात माल घेऊन दारात यायला लावलं होतं. तरी हा घाव तिला झेपला नसता. अमजदचा पुतण्या तौसीफ टपूनच बसलेला. भूकंपानंतर कच्छात नव्या कारखान्यांना एक्साइज माफ होतं, त्याची मुदत डिसेंबरअखेर संपत होती, आणि भुजच्या बाजूला तौसीफने जागा हेरून ठेवली होती. "चाची, इथे काय ठेवलंय आता?" हे त्याचं पालुपद. मागच्या सोमवारी तर तो टेप घेऊन आला आणि सगळी शेड मापून गेला. शहाबानो त्याला एवढंच म्हणाली होती, "आधी निकाल येऊ दे."

केळसकरांचं लिहून झालं. "चारही पाय सिमेंटमध्ये पक्के," त्यांनी वाचून दाखवलं. "मॅडम, तुमचं म्हणणं आणि इथली परिस्थिती यांचा मेळ बसत नाही. मला दिसतं तेच मी लिहिणार."

"दिसतं ते कालचं आहे, साहेब. सिमेंट ओलं आहे."

"ओलं असो, सुकं असो. सिमेंट आहे."

शहाबानोने वळून पाहिलं. कामगार भट्टीच्या पलीकडे घोळका करून उभे होते. फोरमन भगवान जमिनीकडे पाहत होता. चांगला धिप्पाड आगरी गडी, पण आज त्याला मान वर करता येत नव्हती.

"भगवान, काल सुट्टी होती. कुणी केलं हे?"

बोलला तो जैतू. जैतू आणि त्याची बायको कमळी डोंगरापलीकडच्या कातकरवाडीतली. दोघं आधी वीटभट्टीवर जात, दिवाळी झाली की भट्टी नेईल तिकडे बिऱ्हाड पाठीवर. सात-आठ वर्षांपूर्वी अमजदने त्यांना इथे आणलं, तेव्हापासून वाडी सोडली नव्हती त्यांनी.

"आमी केलं, भाभी. मी नि कमळीनं."

"का?"

कमळीच्या हातात पाण्याचा डबा होता. साहेब आले तेव्हा ती सिमेंट पक्कं धरावं म्हणून गोणपाटांवर पाणी मारत होती, आणि कुणी थांब म्हटलं नव्हतं म्हणून अजूनही डबा तिच्या हातातच होता.

"तुमीच बोलल्या ना गुरुवारी," कमळी म्हणाली. "समद्यांच्या देखत. दोन तासांत खोलतो, ट्रकात घालून कच्छला नेला तरी तसाच उभा राहील. आन् तौसीफशेठ टेप लावून गेले. आमाला काय कलत नाय? भट्टीवाला बी आसाच करी. आदी मापं घेई, मंग ट्रक येई."

शहाबानोला गुरुवार आठवला. बोलली होती खरी. कामगारांना जोर यावा म्हणून बोलली होती, आणि कच्छ मनात घोळत होतं म्हणून ते जिभेवर आलं होतं. साहेब कशासाठी येणार, सांगाडा का खोलायचा, हे मात्र एका अक्षराने सांगितलं नव्हतं. सांगायची तिला सवयच नव्हती. आणि आता ज्यांना कारखाना इथे राहायला हवा होता, त्यांनीच तो जाईल अशी तजवीज करून ठेवली होती. तिला रागवावंसं वाटलं, पण या दोघांच्या बावळट मायेवर रागवायचं तरी कसं.

केळसकरांनी मिटलेली वही पुन्हा उघडली.

"एक मिनिट. बाई, तुम्ही हे बांधलंत कशासाठी?"

"जाऊ नये म्हनून."

"म्हणजे जाऊ शकत होतं?"

कमळीने त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढा शिकलेला माणूस हे काय विचारतो. "जात नसतं तर आमी सिमेंट कशाला घातलं असतं, सायेब? भिताडाला कोन बांधून ठेवतो का?"

केळसकर लिहू लागले. तसेच सावकाश. शहाबानोला त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं. जिंकत असताना बोलू नये, एवढं धंद्याने तिला शिकवलं होतं.

"यांचा जबाब घेतो," ते म्हणाले. "आणि हे फोडून खोलून दाखवा. सिमेंटखाली बोल्ट आहेत का, ते मला डोळ्यांनी पाहू दे."

भगवानने छिन्नी-हातोडा आणला आणि जैतूपुढे धरला. जैतूने हात पुढे केला नाही. तो शहाबानोकडे पाहत राहिला. मग तिच्या लक्षात आलं, की सगळेच तिच्याकडे पाहत आहेत, आणि साहेबांना जे हवं त्याच्या नेमकं उलटं यांना ऐकायचं आहे.

"जैतू, हा सांगाडा जाऊ शकतो," ती म्हणाली. "हे साहेबांना दिसायला पाहिजे. दिसलं नाही, तर मला जावं लागेल. दिसलं, तर मी इथेच आहे. तौसीफला मी सांगेन काय सांगायचं ते."

"आल्लाची शपथ?" कमळीने विचारलं.

"अल्लाची कसम."

जैतूने हातोडा घेतला. सिमेंटने अजून पुरतं धरलं नव्हतं. ढपले निघाले आणि खालून बोल्ट वर आले, ग्रीस लावलेले. मग पाने फिरले, चेनपुली खाली आली, आडवा गर्डर उतरला. जेवणाच्या सुट्टीआधी सांगाडा जमिनीवर तुकड्यांत पडला होता आणि केळसकर त्याभोवती फिरत होते. जाताना त्यांनी चहा घेतला, दुसरा कपही घेतला.

"निकाल वरचे देतील," ते म्हणाले. "पण ही साक्ष वकिलालाही सुचली नसती."

गाडी गेल्यावर शहाबानोने जैतूला विचारलं, "सिमेंट कुठून आणलंस?"

"घरात व्हतं."

"कशासाठी होतं?"

"जमिनीला. घरात फरशी नाय, कोबा करायचा व्हता." तो सहज म्हणाला आणि ढपले घमेल्यात भरू लागला.

निकाल डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आला. क्रेडिट कायम, दंड रद्द. शहाबानोने तो दोनदा वाचला, तौसीफला फोन लावला आणि त्याला मध्ये बोलू न देता आपलं म्हणणं संपवलं. मग कळंबोलीला जाणाऱ्या टेम्पोला परत येताना सिमेंटच्या गोण्या घ्यायला सांगितल्या आणि पत्ता कातकरवाडीचा दिला. कमळीच्या घरात कोबा झाला. बाकीची वाडी बघायला आली, असं भगवान सांगत होता.

त्यानंतरच्या शनिवारी शहाबानो नेहमीपेक्षा लवकर आली. शेड अजून थंड होती, भट्टी नुकतीच पेटवलेली. सांगाडा जागेवर उभा होता. तीन पायांचे बोल्ट ग्रीसने चमकत होते. चौथ्या पायाला, भिंतीकडच्या, गोणपाट गुंडाळलेलं होतं.

ती वाकली आणि गोणपाट उचलून पाहिलं. तीच थापी, त्याच कडा.

तिच्या बोलण्यावर भागलं नव्हतं तर. कसम घेऊनही नाही. ते तिच्या मनाला लागलं, आणि मग हसूही आलं. खात्याला वर अपील करता येत होतं, हे वकिलाने तिला बजावलं होतं. पुन्हा कुणी वही घेऊन आला असता, तर या एका पायापासून सगळं नव्याने सुरू झालं असतं. पाना टेबलाच्या खणात होता. जैतू दारातून आत आला आणि तिला तिथे पाहून थबकला.

गोणपाट एका बाजूने सुकलं होतं. शहाबानोने पिंपावरचा डबा घेतला, पाणी भरलं आणि ते गोणपाटावर सगळीकडून सारखं ओतलं.