पुढचे दोन दात

दातांच्या डॉक्टरीणबाईंचं पत्र आलं तेव्हा मी ते उभ्याउभ्याच वाचलं, पुन्हा पाकिटात घातलं आणि शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडाखाली ठेवून दिलं. उत्तर द्यायचं नाही असं काही मी ठरवलं नव्हतं. मी ठरवणाऱ्यांपैकी नाहीच. जन्मभर वाचनालयात नोकरी केली, तीही आतल्या खोलीत, फाटक्या पुस्तकांना पुठ्ठे चढवण्याची. तिथे ठरवावं लागायचं ते एवढंच, की खळ पातळ हवी की घट्ट. उद्या लिहू, परवा लिहू, असं म्हणता म्हणता उन्हाळा संपला.

पत्र छापील होतं, खाली चार ओळी हाताने लिहिलेल्या. छापील भागात म्हटलं होतं की तुमच्या पत्नीचे पुढचे दोन दात लॅबमधून तयार होऊन आले आहेत. हाताने लिहिलेल्या ओळींत म्हटलं होतं की बातमी कळली, फार वाईट वाटलं. विमा कंपनी आपला वाटा दात बसवल्यावर देते, नुसते बनवल्यावर देत नाही. सोबत दात बसवल्याची पावती आहे. तिच्यावर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातली एखादी तारीख घालून सही करा, म्हणजे कंपनीचे पैसे येतील. नाहीतर तेही तुम्हालाच भरावे लागतील. ‘संकोच करू नका,’ असंही लिहिलं होतं. संकोच करू नका, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलेलं आहे.

ही गेली ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. दात बसवायची वेळ त्याच्या पुढच्या आठवड्यातली होती.

ही कपडे शिवायची. पुढच्या खोलीत खिडकीशी तिचं मशीन. गळ्यात दोरीने कात्री लटकवलेली असायची, पण धागा मात्र दातानेच तोडायची. कात्री उचलून पुन्हा सोडण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अर्धं काज होतं, असं तिचं म्हणणं. इतक्या वर्षांत पुढच्या एका दाताला बारीकशी खाच पडली होती, सुईच्या नेढ्याएवढी. धागा त्या खाचेत नेमका बसायचा. मापं घेताना टाचण्या ओठांत धरून ती गिऱ्हाइकाशी भरभरून बोलायची, आणि एकही टाचणी खाली पडत नसे. मला तर तोंडात काही नसतानाही बोलता येत नाही.

मग एकदा शाळेच्या दप्तराचा पट्टा शिवताना नायलॉनचा जाड धागा तिने दाताखाली घेतला, आणि तुटला तो दात. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून पाहिला. मुळापर्यंत चीर गेली होती, शेजारचा दातही हलत होता. दोन्ही काढावे लागले.

कवळीचे पैसे विमा पूर्ण देत होता. हाडात खिळा बसवून त्यावर पक्का दात हवा असेल तर मात्र थोडेच, आणि तेही वर्षाच्या ठरलेल्या मर्यादेपर्यंत. पक्क्या दातांचा आकडा डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहिला आणि कागद माझ्याकडे सरकवला. तोंडाने सांगण्यासारखा तो नव्हताच.

“दात कोरून पोट भरत नाही म्हणतात,” ही बाहेर येऊन म्हणाली. “इथे दात बसवून पोट रिकामं व्हायचं. कवळीच बरी.”

कवळी आणली. पहिल्याच दिवशी तिने सवयीने टाचण्या ओठांत धरल्या, आणि एका बाईंच्या ब्लाउजची बाही टाचताना टाचण्यांसकट कवळी त्यांच्या खांद्यावर पडली. त्या बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ही तोंडावर हात धरून बोलायला लागली. एक हात तोंडावर गेला की शिवायला एकच उरतो. म्हणून मग तिने बोलणंच कमी केलं. ज्या खोलीत मला वाचताना कानात बोळे घालावे लागायचे, तिथे आता नुसतं मशीन ऐकू यायचं.

आमची मुलगी शहरातली बस चालवते. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून घरात तिला भिंगरी म्हणतात. भाड्याची खोली सोडून स्वतःचं काहीतरी घ्यावं म्हणून ती पैसे साठवत होती. एके दिवशी ती आईकडे बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, “आई, खिळे बसवून घे. मी भरते.”

“आणि तुझं घर?”

“घर कुठे पळून चाललंय? चल, ऊठ.”

खिळे बसले. हाड भरून यायला काही महिने लागले. नोव्हेंबरात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता खिळ्यांवरचे दात केव्हाही बसवू. त्या आठवड्यात मी विम्याची पुस्तिका पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून काढली. तेवढं मला येतं. बारीक टाइपात एके ठिकाणी दिलं होतं की वर्षाची मर्यादा जानेवारीत पुन्हा नव्याने सुरू होते. त्या वर्षाची आमची मर्यादा दात काढण्यात आणि खिळ्यांत संपली होती. दोन महिने थांबलो, तर वरच्या दातांचा निम्म्याहून जास्त खर्च कंपनी देणार होती.

जेवणाच्या टेबलावर मी ते वाचून दाखवलं. भिंगरीने मोबाइलवर हिशेब केला, पुन्हा केला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

“बघ गं, आपली वाळवी एकदाची कामाला आली!” ही म्हणाली. पुस्तकांपायी मला ती वाळवी म्हणायची. “एवढे महिने काढले, आणखी दोन काढीन. मला कुठे कुणाला चावायला जायचंय?”

आम्ही तिघंही हसलो. हिने हसताना तोंडावर हात धरला होता. डॉक्टरीणबाईसुद्धा मला हुशार म्हणाल्या.

डिसेंबरात दातांचा रंग ठरवायला आम्ही दवाखान्यात गेलो. दात बनवणारा कारागीर लॅबमधून आला होता. नमुन्याच्या दातांची पट्टी तो हिच्या ओठांशी धरून बघत होता.

“नटीचे दात नकोत हो मला,” ही त्याला म्हणाली. “माझे होते तसेच द्या. जरा पिवळट, आणि हा त्याच्यावर किंचित रेललेला. आणि इथे खाच.”

“खाच कशाला?”

“मग धागा कशात अडकवू?”

“काकू,” डॉक्टरीणबाई आतून ओरडल्या, “नव्या दाताने धागा तोडलात तर मी घरी येऊन मशीन उचलून नेईन!”

जानेवारीत एका सकाळी ही उठली नाही. हृदय झोपेतच थांबलं, असं म्हणाले. घरातून नेण्याआधी भिंगरीने आईचे उघडे राहिलेले ओठ बोटांनी मिटवले. ते पुन्हा उघडले. तिने पुन्हा मिटवले आणि तिथेच हात ठेवून ती बसून राहिली.

तर पत्राचं. मी उत्तर देईना, तेव्हा दवाखान्याने भिंगरीला फोन केला. ती संध्याकाळी कामाच्या कपड्यांतच आली.

“बाबा, दातांच्या दवाखान्यातून पत्र आलं होतं?”

“हो.”

“कुठे आहे?”

मी शब्दकोश उचलला. तिने पत्र वाचलं, पावती उलटसुलट पाहिली.

“मग अडलंय कुठे? सही करायची आहे, परीक्षा द्यायची नाही.”

“दात बसवले नाहीत, भिंगरे.”

“मला सांगताय? मी होते तिथे.”

“मग बसवले असं लिहू कसं?”

“पेनाने.”

ती आईच्या खुर्चीवर बसली आणि आवाज उतरवून म्हणाली, “तुमचा खरेपणा माझ्या खिशातून जातो, बाबा.”

ते खरंच होतं. “मी पेन्शनमधून भरीन,” शेवटी म्हणालो. “महिन्याला थोडे थोडे.”

“आणि फिटणार कधी? तुम्ही शंभरी गाठणार आहात का?”

“प्रयत्न करीन.”

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला. “डॉक्टर स्वतः सांगतायत. दात बनवलेत ना? कंपनीने हप्ते घेतलेत ना इतकी वर्षं? मग कुणाचं काय बुडतं? करून टाका सही,” असं म्हणून ती गेली.

रात्रभर मी विचार केला. आपण कोण एवढे सत्यवादी लागून गेलो? आयुष्यात कधी कुणासमोर खरं बोलायची हिंमत झाली नाही, आणि आता मुलीच्या जिवावर हरिश्चंद्र व्हायचं? सकाळी पावती खिशात घातली आणि सही तिथेच करून द्यावी म्हणून दवाखान्यात गेलो.

काउंटरवरच्या मुलीला माझं बोलणं नीट ऐकू गेलं नाही. ती म्हणाली, “बसा आजोबा, नंबर आला की बोलावते.” मी बसलो. माझा नंबर नव्हता हे तिला सांगायचं राहिलं. बऱ्याच वेळाने लॅबचा तो कारागीर पिशवी घेऊन आला आणि मला बघून थांबला.

“काकूंचे मिस्टर ना तुम्ही?”

मी मान हलवली. तो आत गेला आणि एक छोटी प्लॅस्टिकची डबी घेऊन आला. माझ्या शेजारी बसून त्याने ती उघडली. आत कापसावर दोन दात होते. जरा पिवळट, एक दुसऱ्यावर किंचित रेललेला. आणि त्याला बारीकशी खाच होती.

“डॉक्टरांना माहीत नाही,” तो हळूच म्हणाला. “बसवताना दिसली असती तर त्यांनी घासूनच टाकली असती. पण म्हटलं, काकूंना एकदा आरशात तर बघू दे.”

मी डबीकडे बघत राहिलो. तो म्हणाला, “घेऊन जायचे असतील तर घेऊन जा. तुमचेच आहेत.” मला डबी घेववली नाही. आभार मानले का तेही आठवत नाही. बाहेर पडलो तेव्हा पावती खिशात तशीच होती.

मी त्या कागदावर तारीख घातली असती, तर त्या तारखेला ही आरशासमोर उभी राहिली होती, खाच बघून हसली होती, तोंडावरचा हात तिने खाली घेतला होता, असं झालं असतं. यातलं काहीच तिला मिळालं नव्हतं. ज्याची ती वर्षभर वाट बघत होती ते तिला मिळालं, असं लिहायचं म्हणजे तिने काढलेलं ते सगळं वर्ष पुसायचं. मला ते जमेना. बरोबर की चूक, मला अजून सांगता येणार नाही.

रविवारी भिंगरी आली. मी सांगितलं, सही होणार नाही. ती भडकेल म्हणून मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. ती भडकली नाही. आईच्या मशीनचं चाक हाताने फिरवत राहिली.

“मला पैशांचं नाही हो, बाबा,” ती म्हणाली.

“मग?”

“कुठेतरी लिहिलेलं राहू दे ना, की तिला दात मिळाले. खोटं का होईना. एका तरी कागदावर.”

चाक फिरायचं थांबलं. इतके दिवस मी तिला व्यवहारी समजत होतो. मी तिला दवाखान्यातली हकिगत सांगितली, डबीतल्या दातांची, खाचेची. खाचेचं ऐकल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, अगदी आईसारखं, आणि ती रडली. मला रडणाऱ्या माणसाला जवळ घेता येत नाही. मी पाणी आणून ठेवलं.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, “आणा कागद. काय लिहिणार?”

“दात बसवले गेले नाहीत, सबब—”

“सबब काय! ऑफिसला लिहिताय का? आणि ‘बसवले नाहीत’ने सुरुवात नका करू. तयार होते, असं लिहा आधी. ते तर खरं आहे ना?”

“खरं आहे.”

“छान झाले होते, असंही लिहा.”

मी लिहिलं: ‘आपलं पत्र मिळालं. उत्तराला फार उशीर झाला, क्षमा असावी. दात तयार होते. फार छान झाले होते. बसवून घ्यायला ही येऊ शकली नाही. पावती कोरीच परत पाठवत आहे. कंपनीचा वाटा मी दरमहा थोडा थोडा भरीन, चालेल का ते कळवावं.’

भिंगरीने ते वाचलं. माझ्या हातातून पेन घेऊन तिने ‘मी’ खोडलं आणि वर ‘आम्ही’ लिहिलं. ‘भरीन’चं ‘भरू’ केलं.

“नको गं. तुझं घर—”

“बाबा, मी विचारत नाहीये.”

खाडाखोडीचं पत्र पाठवणं मला बरं वाटेना. पुन्हा स्वच्छ लिहून काढतो म्हणालो, तर तिने पाकीट चिकटवूनसुद्धा टाकलं होतं. “तुम्ही लिहायला बसलात की दिवाळं निघेपर्यंत उठायचे नाहीत,” ती म्हणाली. “चपला घाला.”

टपालपेटी रस्त्याच्या टोकाशी आहे. आम्ही चालत गेलो. पाकीट फटीत सरकवल्यावर आत पडल्याचा आवाज आला नाही, म्हणून मी वाकून बघायला लागलो.

“पडलं, बाबा,” भिंगरी म्हणाली. “चला.”