पंख्यातलं तेल

आनंदीने कम्प्युटरच्या पाठीला तळहात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पडद्यावरची अक्षरं पुन्हा जागच्या जागी थांबली होती, सकाळपासून तिसऱ्यांदा. तिने बटण बंद केलं. सभासदांच्या यादीत परबांपर्यंत टाकलेली सगळी नावं गेली.

"गो आनंदी, ह्यां पेटात तर नाय मां?" दारातून महादू शिपायाने विचारलं.

"पेटाचा नाय. टेबलफॅन जरा हंय फिरवा, महादूकाका."

महादूने लांबूनच फॅन वळवला आणि तो पुन्हा उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला. आनंदीलाही तसंच उभं राहावंसं वाटत होतं.

मच्छीमार सोसायटीत हा कम्प्युटर येऊन चार महिने झाले होते. अख्ख्या मालवण बंदरात दुसरा नव्हता. तो चालवायला कोल्हापूरहून कोर्स करून आलेली आनंदी सहा महिन्यांच्या बोलीवर लागली होती. यंत्र नीट चाललं तर नोकरी पक्की, नाही तर आईच्या शेजारी बसून ब्लाउजची काजं करायची.

आणि यंत्र तिनेच बिघडवलं होतं.

गेल्या आठवड्यात त्याचा पाठीमागचा पंखा करकरायला लागला. खाऱ्या हवेच्या या गावात करकरणाऱ्या वस्तूला माणसं दुसरं काही करतच नाहीत. दार असो, रहाट असो, होडीचं इंजिन असो, आधी तेल, मग विचार. आनंदीने आईच्या शिवणयंत्राची तेलाची कुपी पर्समधून आणली आणि जाळीतून दोन थेंब आत सोडले. करकर थांबली. मोठं काम केल्यासारखी ती त्या दिवशी हसतच घरी गेली. दोन दिवसांनी करकर पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या सकाळी आपोआप थांबली; चौथ्या दिवसापासून यंत्र तापायला लागलं.

केसांना चोपडलेल्या आवळेलाचा वास आधी आला, मग सेक्रेटरी जयरामभाऊ आले. यंत्र ताब्यात घेताना सही त्यांची होती, त्यामुळे खोलीची किल्लीही त्यांच्याच खिशात असे.

"पुन्हा बंद?"

"हो, भाऊ. फार तापतंय."

"उद्या पणजीहून कंपनीचा आंतोन येतोय. तो उघडून बघेल. कोणी नसता उद्योग केला असेल, तर मी चेअरमनसाहेबांना लेखी कळवणार. गय नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "महादू, शनिवारी कड्याकुलपांना तेल कोण घालतं?"

तेलाचं नाव निघताच आनंदीने पर्स पाठीमागे सरकवली. यांना तेलाचा संशय कुठून आला?

"मी घालतंय, भाऊनू. पण देवाशपथ, ह्येका मी हातय लावूक नाय!"

भाऊंनी यंत्रावर कापड घातलं, सगळ्यांना बाहेर काढलं आणि कुलूप ओढून पाहिलं.

पायऱ्यांवर महादू छत्री घेऊन बसून राहिला होता. "रिटायर होवक तीन म्हयने रवलेत माझे," तो म्हणाला. "आता नाव खराब झाला तर घरात काय सांगू?"

'तेल मी घातलं,' हे शब्द आनंदीच्या ओठांवर आले होते. ते गिळून ती बाजारातून घरी गेली. स्वतःची तिला शिसारी आली, पण भीती त्याहून मोठी होती. रात्री आईने वाढलेलं ताट तिने तसंच बाजूला सारलं.

दुसऱ्या दिवशी आंतोन आला; मालवणचाच, नोकरीला पणजीत. त्याने चार स्क्रू काढले आणि झाकण उचललं. आतल्या पंख्याची पाती काळ्या, चिकट राडीत रुतली होती.

"पंखो फिरनाच नाय, तर थंड कसा होतला? ह्यां तेल कोणी घातल्यान?"

"महादू!" भाऊ ओरडले.

महादूने हातातला पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि हात जोडले.

"त्यांनी नाही, भाऊ. मी घातलं." आनंदीला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "शिवणयंत्राचं. दोन थेंब."

आंतोनने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने राड खरवडली आणि नाकाशी धरली.

"दोन थेंब? चमचोभर आसा हंय. आणि शिवणाच्या मशीनीचा तेल नाय ह्यां. वास घे बघू."

आनंदीने स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन वास घेतला. रोज सकाळी दहाला तो भाऊंच्या आधी आत येई.

तिने बघायचं नाही असं ठरवलं आणि तरी बघितलं. जयरामभाऊंच्या कपाळावर घाम डवरला होता. हात सवयीने केसांकडे गेला आणि अर्ध्यावरूनच खाली आला. टेबलावर चेअरमनसाहेबांना लिहिलेला कागद होता. त्यात दोषीच्या नावाची जागा कोरी होती. हा माणूसही आठवडाभर आपल्यासारखाच जेवणाचं ताट बाजूला सारत असणार, हे तिला एकदम कळलं.

"कोणाचा तेल तां? वळाखलंस?" आंतोनने विचारलं.

आनंदीने स्क्रूड्रायव्हर परत दिला.

"माका सर्दी झाली हा. वास येणा नाय."

आंतोनने खांदे उडवले आणि पंखा सोडवायला घेतला. भाऊंनी टेबलावरचा कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला. ऑफिसात त्यांना पुस्तकी मराठीशिवाय बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

"महादू, वाईच च्या सांगून ये सगळ्यांका," ते म्हणाले. मग स्वतःची खुर्ची त्यांनी आनंदीकडे सरकवली. "आणि तू बस गो. उभी कित्याक?"